हळदीखालची जखम

काल तुझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला, सतीश, आणि मला त्या कावळ्याचा संताप आला. भटजींनी भाताचा गोळा ठेवून हात मागे घेतला न घेतला तोच तो आला, चोच मारली आणि उडून गेला. घाटावरची माणसं सुटल्यासारखी उठली. "समाधानाने गेला हो, काही इच्छा मागे राहिली नाही," असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. बायकांनी तिथे येऊ नये म्हणतात. मी गेले होते, मागे पायरीवर बसले होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, ह्या माणसाने आयुष्यात कुणाचं पहिल्या हाकेला ऐकलेलं नाही. जेवायला ये म्हटलं तर आधी भाजी कुठली ते विचारायचा, मग तीच भाजी का केली ते विचारायचा, आणि मग उठायचा. हा समाधानाने गेला? त्या कावळ्याला नुसती भूक लागली असणार.

तुझ्या भावाशी लग्न करून मी मालाडच्या त्या दोन खोल्यांत आले तेव्हा तू सातवीत होतास. पहिल्याच सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन म्हणालास, "वहिनी, चहात साखर घातलीस की साखरेत चहा?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मी तुला म्हटलं, उद्यापासून तुझा तू कर. आणि तू खरंच दुसऱ्या दिवशी स्टोव्हजवळ येऊन बसलास. तेव्हापासून आपण भांडतोय. घरात सगळे एकमेकांशी जपून बोलायचे, कारण मामंजी संध्याकाळी कुठल्या अवस्थेत येतील याचा भरवसा नसायचा. भांडायची चैन आपल्या दोघांनाच परवडत होती. मामंजी गेले, मग सासूबाई गेल्या, आणि तू माझ्याच हाताखाली मोठा झालास. लोक मला म्हणायचे, पोटच्या पोरासारखं वाढवलंस. मला नाही तसं कधी वाटलं. पोटच्या पोराचं इतकं उलट बोलणं मी ऐकून घेतलं नसतं.

मामंजींच्या दारूमुळे तू आयुष्यभर थेंबाला शिवला नाहीस. लग्नाकार्यात कोल्ड्रिंकसुद्धा सीलबंद बाटली स्वतःच्या हाताने उघडून घ्यायचास, कुणी भरलेला ग्लास दिला तर खाली ठेवून द्यायचास. मी तुला किती चिडवलं असेल त्यावरून. म्हटलं, एवढा काय रे संशयी, तुला विष घालायला कोण बसलंय इथे? तू म्हणायचास, "विष नाही वहिनी, मस्करी घालतात लोक." हे तुझं वाक्य मी आता रोज आठवते.

तुझ्या दुकानातही तेच. मिक्सर, गिझर, पंखे, सगळी दुरुस्ती. पण गिऱ्हाईक आलं की आधी त्याची हजेरी. "मिक्सर जळलेला नाहीये काकू, तुम्ही जाळलाय." काकू रागावून निघून जायच्या आणि चार दिवसांनी परत यायच्या, कारण दुरुस्ती तुझ्यासारखी कुणाचीच टिकत नव्हती. नवीन माणसाला तू वायर हातात देऊन दाखवायचास. वरचं प्लास्टिक चकचकीत, आणि वाकवली की आत तांबं काळं झालेलं. "वरून चांगली दिसते म्हणून फसायचं नाही, आत बघायचं." मला ते पाठ झालं होतं. त्याचा अर्थ मला हॉस्पिटलात लागला.

आपलं एक भांडण मात्र कायम अर्धवट राहिलं, ते माझ्या दादावरून. माझा सख्खा मोठा भाऊ, दिंडोशीला राहतो, सिक्युरिटी एजन्सी चालवतो, कमरेला परवान्याचं रिव्हॉल्व्हर. आमचे वडील लवकर गेले तेव्हा त्याने आम्हाला सांभाळलं, माझं लग्न त्याने लावून दिलं. माहेर म्हणजे माझ्यासाठी दादाच. तू म्हणायचास, "तुझा दादा वाईट नाही गं. पण त्याला आजवर कुणी 'नाही' म्हटलेलं नाही. तुमच्या घरात तो शब्दच नाही." मी तडकायचे. म्हणायचे, तुझ्या तोंडात दुसरा शब्द नाही म्हणून तुला तसं वाटतं. मग तू हसायचास आणि मी भांडी जोरात आपटायचे. दर भाऊबीजेला आपलं हेच व्हायचं, मी ओवाळून घरी आले की.

म्हणून त्याच्या मुलाच्या हळदीला तू येऊ नकोस असं मी म्हणायला हवं होतं का, असा विचार मी करतच नाही. का म्हणायचं? हळद होती, मयत नव्हतं. दादाच्या सोसायटीच्या आवारात मांडव होता, लोखंडी पाइपांवर पिवळं कापड. संध्याकाळचं ऊन अजून होतं. तू दुकान बंद करून सरळ तिकडेच आलास आणि पाचव्या मिनिटाला बँजोवाल्यांशी वाद घालायला लागलास, की ही वायर उघडी आहे, पोरं नाचताहेत, कुणाला शॉक लागला तर? ते ऐकेनात तेव्हा खिशातून टेप काढून तूच ती गुंडाळलीस. मी लांबून बघत होते. नवऱ्यामुलाची आत्या म्हणून हळद लावायचा मान माझा होता. पाटाशेजारी उभी होते, हातात आंब्याची पानं, समोर हळदीचं पातेलं.

दादाने रिव्हॉल्व्हर काढलं ते माझ्या डाव्या हाताला, चार पावलांवर. म्हणाला, "एकुलता एक पोरगा आहे, एक तरी बार झालाच पाहिजे." पोरांनी शिट्या मारल्या. तूच एकटा म्हणालास, "दादा, वर पाइप आहेत. ठेवा ते आत." किती साधं बोललास. तेवढं एकच वाक्य. आणि दादा हसून म्हणाला, "मिक्सरवाला घाबरला बघा." मग त्याने हात वर केला आणि गोळी मांडवाच्या पाइपावर आपटली. ठण्ण असा आवाज आला, टाळ्या पडल्या, बँजो परत सुरू झाला.

तू मानेला हात लावलास. "काहीतरी लागलं गं." मी बघितलं. जबड्याच्या खाली, डाव्या बाजूला, मसुराच्या दाण्याएवढं भोक. रक्ताची बारीक रेघ, खरचटल्यावर येते तेवढीच. दादा पण आला. त्याने तुझी मान वाकवून नीट बघितलं, सतीश. मी शपथेवर सांगते, त्याने नीट बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर गेलं. मग त्याने पातेल्यातली मूठभर हळद घेतली आणि तुझ्या मानेवर दाबली. "ठिणगी उडाली असेल, हळदीने बरं होतं." आणि मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घ्या, सत्याला पण हळद लागली! आता ह्याचं पण उरकून टाका!" बिनलग्नाचा चाळिशी उलटलेला दीर, कुणाला सोडवतंय? माझ्या मावश्या, माम्या, शेजारणी, सगळ्या धावल्या. तोंडाला, हाताला, केसांना, शर्टात. तू "अहो, अहो" करत होतास. मी पण हसले. तुला हळद लागलेली बघून बरं वाटलं मला, ते मी कुणापासून लपवत नाही. त्या पिवळ्या चिखलाखाली ती जखम अशी गेली की कुणाला परत दिसलीच नाही.

मग आम्ही बायका आत वडे तळायला गेलो. कोंबडी-वड्यांच्या पंगती बसणार होत्या. बाहेरून हशा ऐकू आला आणि एकदम गलका, "सत्याला पाजली रे पाजली! सत्याला चढली!" मी झारा तसाच हातात घेऊन बाहेर आले. तू मांडवाच्या मधोमध होतास. उजवा पाय फरफटत होता. हातातली बाटली खाली पडली होती. तोंड एका बाजूला ओघळलं होतं आणि तू काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होतास, त्याचा नुसता चिखल चिखल होत होता. बँजोवाले तुझ्या पायाच्या तालावर वाजवत होते. पोरं मोबाईल धरून होती. टाळ्या वाजत होत्या. आयुष्यभर न पिणारा माणूस एकदाचा सापडला, याचा केवढा आनंद झाला होता सगळ्यांना!

मी ओरडले, "ह्याने घेतलेली नाहीये! तो घेत नाही!" तेव्हा दादा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अगं, मीच पोरांना त्याच्या कोल्ड्रिंकमध्ये घालायला सांगितली होती. मस्करी केली. चढली त्याला जरा, झोपला की उतरेल." शांतपणे म्हणाला. माझा भाऊ म्हणाला. बाटली तू स्वतः उघडतोस हे मला माहीत होतं, ती सीलबंद बाटली मीच तर तुला दिली होती, तरी दोन क्षण मला ते खरं वाटलं, कारण ते दादा म्हणाला होता. कुठल्या पोराने घातली ते नंतर मी एकेकाला धरून विचारलं. कुणीही नाही. घातलीच नव्हती तर कोण पुढे येणार?

गाडी दादानेच काढली, हे खरं. जवळच्या नर्सिंग होममध्ये त्यानेच नेलं, हेही खरं. तुझा भाऊ तुझं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, मी पुढे. आणि तिथल्या डॉक्टरला माझ्या दादाने सांगितलं, "पार्टीत जास्त झाली, पडला." मी म्हटलं, मानेला लागलंय बघा. डॉक्टरने हळद थोडी बाजूला केली. दादा म्हणाला, "मांडवाचा पाइप लागला पडताना." डॉक्टरने मान हलवली आणि सलाइन लावलं. गोळी हा शब्द त्या खोलीत कुणी उच्चारला नाही. मी पण नाही. मला तोपर्यंत माहीत नव्हतं की ते भोक गोळीचं आहे. पण दादाला माहीत होतं. त्याने बघितलं होतं. पोलीस केस होईल, परवाना जाईल, दुसऱ्या दिवशी पोराचं लग्न आहे, एवढा हिशोब त्याने मूठभर हळद दाबतानाच केला होता.

सकाळी मी ओला टॉवेल घेऊन तुझं अंग पुसायला बसले. नवऱ्यामुलाला हळद उतरवतात तशी तुझी उतरवली. गालावरची, कपाळावरची. मानेपाशी आले आणि हात थांबला. डावी बाजू टम्म फुगली होती, कातडी ताणून चकचकीत झाली होती, आणि बोटाखाली धडधड लागत होती. तुझा उजवा हात उचलला तो सोडल्याबरोबर पडला. दारू उतरली की माणूस असा होत नाही. मामंजींना मी किती वेळा उतरलेलं बघितलंय, मला कुणी शिकवायला नको. मी कुणाला न विचारता अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली आणि तुला मोठ्या सरकारी हॉस्पिटलात आणलं. तिकडे दादाच्या घरी तेव्हा नवरदेव घोड्यावर बसत होता.

तिथली डॉक्टर अगदी तरुण मुलगी होती. तिने पहिल्यांदा विचारलं, "जखमेवर हळद कुणी दाबली?" मग तुला आत नेलं, फोटो काढले, आणि बाहेर येऊन मला आणि तुझ्या भावाला बसवून सांगितलं. गोळीचा एक तुकडा होता, बारीक पातळ चकती. पाइपावर आपटून गोळी फुटली आणि तिची कपची मानेत घुसली. मानेत मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी असते, तिला घासून गेली. बाहेर रक्त फार आलं नाही, पण धमनीचं आतलं अस्तर फाटलं, तिथे गुठळी धरली, आणि मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला. म्हणून उजवं अंग गेलं, म्हणून वाचा गेली. वर मांसात रक्त झिरपून सूज आली ती वेगळीच. ती म्हणाली, "मानेला गोळी लागली म्हटलं असतं ना, तर कुणीही आधी हेच बघितलं असतं. जखम छोटी दिसली तरी." मला तुझी वायर आठवली. वरून चांगली दिसते म्हणून फसायचं नाही. मी तिला विचारलं, लगेच आणलं असतं तर? "खूप फरक पडला असता," एवढंच म्हणाली आणि खाली बघितलं.

ऑपरेशन झालं. धमनी जोडली, कपची काढली. तुझ्या घशातली नळी काढल्यावर तू डोळे उघडलेस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "बरं."

मी रडले रे आनंदाने. तुझ्या भावाला फोन केला, म्हटलं बोलला, बोलला! मग मी म्हटलं, पाणी देऊ? "बरं." दुखतंय का? "बरं." मला ओळखलंस ना? "बरं." तासाभरात माझ्या लक्षात आलं. डॉक्टरने समजावलं की मेंदूचा बोलण्याचा भाग गेला की कधीकधी एकच शब्द उरतो, माणूस सगळ्याला तोच म्हणतो. त्याला बोललेलं बरंचसं कळतं, पण तोंडातून तेवढाच निघतो. शब्दांचं अख्खं कपाट रिकामं झालं आणि तुझ्या वाट्याला हा आला. "बरं"! तीस वर्षांत एकदाही तू मला बरं म्हणाला नव्हतास. मी देवाला शिव्या घातल्या त्या दिवशी, मोठ्याने, वॉर्डात. शेजारच्या खाटेवरची बाई घाबरली.

आणि त्या शब्दाचं माझ्या माहेरच्यांनी काय केलं ते ऐक. तू तिथेच होतास, पण परत ऐक. मी खाली चहा आणायला गेले होते. वर आले तर दादा तुझ्या उशाशी, हातात सफरचंदांची पिशवी, आणि पायाशी जबाब घ्यायला आलेले हवालदार. हवालदार दादाने सांगितलेलंच विचारत होते, "मांडवात कुणीतरी डब्यात सुतळी बॉम्ब लावला, त्याचा पत्रा लागला, बरोबर?"

"बरं," तू म्हणालास.

"बघा साहेब," दादा म्हणाला. "तो स्वतःच सांगतोय. कुणाबद्दल तक्रार नाही ना रे, सतीश?"

"बरं."

मी चहा खिडकीत ठेवला आणि तुझ्यासमोर येऊन उभी राहिले. म्हटलं, "सतीश, तुझं नाव प्रकाश का रे?"

"बरं."

"तू ह्या हॉस्पिटलचा मोठा डॉक्टर आहेस का?"

"बरं."

"हे जे हवालदारसाहेब आहेत, ह्यांनी मारलं का तुला?"

"बरं."

"आता लिहा साहेब," मी म्हटलं. "पेशंट म्हणतोय तुम्ही मारलं. लिहा ना, थांबलात का?"

हवालदारांनी पेनाला टोपण लावलं. "ताई, मी डॉक्टरांना भेटून येतो," म्हणाले आणि गेले. दादा भिंतीकडे बघत होता. आणि तू तेव्हा डावा हात उचललास आणि खाटेच्या दांडीवर आपटलास. एकदा, दोनदा, परत परत, नर्स धावत येईपर्यंत. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडातून "बरं, बरं, बरं". तुला सगळं कळत होतं. आतमध्ये तू पूर्वीसारखाच नाही म्हणत होतास, दादा, नाही, वर पाइप आहेत, नाही. मी तुझा हात धरला तर तू तोही सोडवून घेतलास. तेवढं एक बघून मला वाटलं होतं की हा जगेल, हा असा सुटायचा नाही.

मग मेंदूला सूज आली आणि तू गेलास. जाताना काय म्हणालास ते मी सांगणार नाही, कारण तुला दुसरा शब्दच दिला नव्हता कुणी.

काल घाटावरून आम्ही घरी आलो तर दादा आधीच येऊन बसला होता. सोफ्यावर नाही, खाली सतरंजीवर. पांढरा शर्ट, डोळे सुजलेले. तो ढसाढसा रडला, सतीश, आणि ते रडणं खोटं नव्हतं. मग डोळे पुसून म्हणाला, "तुला खोटं बोल म्हणत नाही गं मी. एवढंच म्हण की तू आत वडे तळत होतीस, काही बघितलं नाहीस. वडे तळत होतीसच की." बाकी सगळ्यांचं झालंय म्हणे. मांडवातल्या एवढ्या माणसांपैकी कुणीच काही बघितलेलं नाही. मोबाईलमधले व्हिडिओ पुसले गेलेत. कपची तपासायला गेली आहे, पण ती कुणाच्या हातून सुटली ते कपची सांगणार नाही. ते फक्त मी सांगू शकते, कारण मी पाटाशेजारी उभी होते.

आईचा फोन आला. ती दादाकडेच राहते. तिला राग आला की ती गावच्या बोलीत शिरते. "झाला ता झाला गो बाय. भावाक तुरुंगात धाडतलंस काय? माझ्या मढ्यार येवची नाय मगे." स्वतःच्या मयतालाही येऊ नकोस म्हणे. काय सांगू तिला? तिला गोळी आणि फटाका यातला फरक कुणी सांगितलेलाच नाही.

आणि तुझा भाऊ. तो गॅलरीत जाऊन बसला होता. दादा गेल्यावर मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले, म्हटलं, तुम्ही बोला की काहीतरी, तुमचा भाऊ होता. तो म्हणाला, "माझा एक होता, तो गेला. तुझा कशाला घालवतेस?" इतका चांगुलपणा माझ्याने सहन झाला नाही. मी म्हटलं, हेच, हेच बोलून बोलून तुम्ही सगळ्यांनी त्याला वाढवून ठेवलाय. गोळी त्याच्या हातून चुकून लागली, ते मी मानते. वर पाइप आहेत हे सांगूनही लागली, तरी मानते. पण "जास्त झाली, पडला" हे चुकून कसं बोलता येतं? ते तर डॉक्टरच्या तोंडावर, शुद्धीवर असताना बोलला. माझ्या दिराला गोळीने अर्धा मारला आणि उरलेला त्या एका वाक्याने. आणि आता तेच वाक्य माझ्याकडून परत म्हणवून घ्यायचंय.

आज सकाळी मी निघाले तेव्हा मात्र तुझा भाऊ चपला घालून दारात उभा होता. रिक्षाला हात त्यानेच केला.

पोलीस ठाण्यात तेच हवालदार होते. त्यांनी मला ओळखलं, खुर्ची दिली, आणि विचारलं की तुम्ही हळदीच्या वेळी नक्की कुठे होता. मी म्हटलं, पाटाशेजारी. वडे नंतर तळले. आणि मग सगळं सांगितलं. रिव्हॉल्व्हर कुठल्या हातात होतं, तू काय म्हणालास, तो काय म्हणाला, हळद कुणी दाबली, कोल्ड्रिंकची बाटली कुणी दिली, नर्सिंग होममध्ये काय सांगितलं. आवाज एकदाही हलला नाही माझा. हवालदार लिहीत गेले. शेवटी त्यांनी विचारलं, "मयताच्या तुम्ही कोण?"

"वहिनी."

"आणि ज्यांचं नाव घेतलंत त्यांच्या?"

"सख्खी बहीण."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, "ताई, परत एकदा विचार करायचाय का? घरी जाऊन?"

मी "नाही" म्हटलं. आमच्या घरातला पहिला नाही. तुला ऐकायला मिळाला असता तर किती मिजास केली असतीस! जेवताना चारदा काढून दाखवला असतास.

आता माझं माहेर संपलं. भाऊबीजेला ताट घेऊन मी कुठे जाणार नाही, आणि आई गेली तर मला कोण कळवेल हेसुद्धा माहीत नाही. पुढे कोर्टात उभी राहीन तेव्हा तो समोर असेल, ज्याने मला सायकल शिकवली तो. मी हे सगळं तुझ्यासाठी केलंय असं तुला वाटत असेल तर तसं नाहीये. मला राग आलाय म्हणून केलंय. तू असतास तर यावरही वाद घातला असतास, की वहिनी, सख्ख्या भावाला कशाला अडकवलंस, मी मेलो तो मेलोच ना, तुझी अक्कल कुठे गेली होती. मी पण सोडलं नसतं तुला.

दुपारी चहा केला. सवयीने दोन चमचे जास्त साखर पडली आणि सवयीने मी तुझ्या फोटोकडे बघितलं. बोल रे. चहात साखर की साखरेत चहा, ते तरी बोल. माझं चुकलं म्हण, माझ्या माहेराला नावं ठेव, वाट्टेल ते म्हण, सतीश. फक्त बरं म्हणू नकोस.